सामूहिक वनहक्काच्या कारभारात बायांचा शब्द चालावा म्हणून: नागपूर जिल्ह्यातल्या गावांसाठी पायरी-पायरीने

सामूहिक वनहक्काचं, म्हणजे गावाने मिळून आपलं जंगल राखण्याच्या आणि वापरण्याच्या हक्काचं, हक्कपत्र गावाच्या हाती आलं की समिती होते, शिक्का बनतो, बँकेत खातं उघडतं. समितीच्या यादीत बायांची नावंही असतात. दोन वर्षांनी त्याच बायांना विचारलं की बांबू कितीला गेला, जंगलाचा कोणता भाग बंद ठेवलाय, वनराखणाला किती पैसे देता, तर बहुतेकदा उत्तर मिळतं, "ते आमच्या घरच्यांना विचारा जी." आणि याच बाया रोज जंगलात जातात. कोणत्या नाल्याला उन्हाळ्यात पाणी टिकतं, कोणता मोह यंदा फुलला नाही, हे त्यांच्याइतकं गावात कोणालाच माहीत नसतं.

रामटेक, पारशिवनी, उमरेड, भिवापूर, कुही, हिंगणा, काटोल या तालुक्यांतल्या जंगलालगतच्या गावांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिते आहे. समितीत किती बाया घ्यायच्या, हा माझ्या मते पहिला प्रश्न नाहीच. सभा कोणत्या वेळी, सभेत आधी कोणता विषय, आणि पैसा कोणाच्या नावावर, या तीन गोष्टी आधी ठरवा. त्या न ठरवता केलेली समिती कागदावरच राहते.

आपलं गाव कोणत्या पायरीवर आहे?

पुष्कळ गावांत दोन समित्यांची गल्लत होते. वनविभागाबरोबर चालणारी संयुक्त वन व्यवस्थापन समिती वेगळी. तिच्याकडे जंगलाची राखण आणि योजनांची कामं असतात, पण जंगलावरचा हक्क वनविभागाकडेच राहतो. वनहक्क कायदा, २००६ खाली सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात मात्र जंगलाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेचा असतो. त्यासाठी ग्रामसभा या कायद्याच्या नियमांतल्या नियम ४(१)(ई) प्रमाणे स्वतःची समिती नेमते. गावात दोन्ही समित्या असतील तर कोणत्या कामाचा ठराव कोणत्या वहीत होतो, हे बायांना आधी समजावून सांगा. नाहीतर त्या चुकीच्या सभेत बरोबर मुद्दा मांडून येतात.

नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे गडचिरोलीच्या गावांना लागू असलेला पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणारा) इथे लागू नाही. वनहक्क कायदा मात्र लागू आहे. पेंच किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडला यांसारख्या संरक्षित क्षेत्रालगतच्या गावांनाही तो लागू होतो, कारण सामूहिक वनाच्या व्याख्येत अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानंही आहेत. "आमच्याकडे वाघ आहे, म्हणून आम्हाला हक्क नाही" असं कोणी सांगितलं तर ते मान्य करू नका.

दावाच अजून दाखल नसेल, तर बायांचं काम तिथूनच सुरू होतं. सामूहिक दाव्याला पुरावे लागतात: कंदमुळं, रानफळं, चारा, गौण वनोपज कुठून आणतो, पाणवठे कुठे आहेत, गुरं कुठे चरतात. वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले जबाबही पुरावा म्हणून चालतात. गावातल्या म्हाताऱ्या बायांचे जबाब आधी घ्या. आपला भाग १९५६ पर्यंत मध्य प्रांत आणि नंतरच्या मध्य प्रदेशात होता, त्यामुळे बऱ्याच गावांची जुनी निस्तारपत्रकं (सरपण, चराई अशा रोजच्या गरजांसाठी गावाला असलेल्या हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या रूढी-हक्कांची नोंद) सरकारी दप्तरात असतात. त्या कागदातलं निस्ताराचं जंगल आणि आजीने सांगितलेलं जंगल जुळलं की दावा भक्कम होतो.

कायद्याच्या चार ओळी पाठ असाव्यात

सगळा कायदा कोणी पाठ करत नाही, करूही नये. एवढंच पुरे:

ग्रामसभेची व्याख्या देतानाच कायदा महिलांचा पूर्ण आणि अनिर्बंध सहभाग असावा असं म्हणतो.

नियम ४(२) प्रमाणे वनहक्काच्या ग्रामसभेला एकूण सदस्यांपैकी निम्मे तरी हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. गावात ३०० प्रौढ असतील तर १५० माणसं, आणि त्यांत ५० तरी बाया.

दाव्यांची तपासणी करणारी वनहक्क समिती १० ते १५ जणांची असते आणि तिच्यात एक तृतीयांश महिला हव्यात.

विवाहित माणसाच्या वैयक्तिक वनहक्काचं हक्कपत्र नवरा-बायको दोघांच्या नावाने नोंदवायचं असतं.

यातली दुसरी ओळ सर्वांत जास्त मोडली जाते. सभेला २० बाया येतात आणि संध्याकाळी हजेरीची वही घरोघर फिरते. त्यावर एकच सोपा उपाय आहे. सभा सुरू होताच बायांची वेगळी मोजणी करा, आकडा सर्वांसमोर मोठ्याने सांगा आणि इतिवृत्ताच्या पहिल्याच ओळीत लिहा. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब करा. एकदा खरोखर तहकूब झाली की पुढच्या सभेला बायांना बोलवायला पुरुषच घरोघर जातात.

महिला सभा: इथे सर्वांत जास्त जोर लावा

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. बहुतेक गावांत ती दहा मिनिटांत आटोपते. वनहक्कासाठी गावाने ती स्वतःच्या ठरावाने खऱ्या अर्थाने चालवावी आणि महिला सभेचं म्हणणं ग्रामसभेत वाचल्याशिवाय जंगलाचा कोणताही विषय मतास घ्यायचा नाही, असं लिहून ठेवावं. एवढा एक ठराव पास करून घेतला, तरी पहिल्या वर्षाचं मोठं काम झालं समजा.

वेळ ठरवताना बायांच्या कामाचं वर्ष समोर ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला त्या तांबडं फुटायच्या आधी निघतात आणि उन्हं चढल्यावर परततात. मे महिना तेंदूपत्त्याचा. सकाळी पानं तोडायची, दुपारी पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर (पानं गोळा करण्याच्या ठिकाणी) मोजून द्यायचे. म्हणजे १ मेची ग्रामसभा नेमकी अशा वेळी येते की जंगलावर बोलायला सर्वांत जास्त हक्क असलेली बाई जंगलातच असते. जुलै-ऑगस्टात धानपट्ट्यात रोवणी, मग कापूस वेचणी, भिवापूर भागात मिरचीचा तोडा. त्यामुळे जंगलाच्या मोठ्या निर्णयांसाठी जानेवारी-फेब्रुवारीत एक खास सभा ठेवा. धानाची मळणी आटोपलेली असते आणि तेंदूच्या खुटकटाईच्या (नवी पानं यावीत म्हणून झुडपं छाटण्याच्या) आधी काय करायचं ते ठरवायला अवधी मिळतो. दिवसाची वेळ त्या-त्या टोलीतल्या (वस्तीतल्या) बायांना विचारून ठरवा. रात्री आठची सभा पुरुषांना बरी पडते, पण तेव्हा चूल पेटलेली असते.

जागेचंही तसंच. मंदिराच्या पारावर किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात सासऱ्या-भासऱ्यांसमोर सून खुर्चीवर बसत नाही. अंगणवाडी किंवा शाळेच्या व्हरांड्यात सगळे सतरंजीवर बसले की बोलणं मोकळं होतं.

महिला सभेत "कोणाला काही बोलायचं आहे का?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे, "आम्हाला काय समजते जी?" त्यापेक्षा हातात धरता येईल असा प्रश्न विचारा. मागच्या आठवड्यात मोळी कुठून आणली? किती वेळ लागला? पाच वर्षांपूर्वी कुठून आणायच्या? यंदा चार (चारोळीची फळं) किती मिळाली? काटवल, वास्ते, टेकोडे या रानभाज्या आता कोणत्या भागात मिळत नाहीत? अशा प्रश्नांवर बोलता बोलता अर्ध्या तासात जंगलाची अशी माहिती पुढे येते, जी कोणत्याही नकाशात नसते. एक शिकलेली मुलगी शेजारी बसवून ती जशीच्या तशी लिहून घ्या आणि शेवटी वाचून दाखवा. आपलं बोलणं कागदावर आलेलं ऐकलं की पुढच्या वेळी बाई दुसरीला घेऊन येते.

पहिला विषय सरपणाचा

समिती झाली की उत्साहाने पहिला नियम होतो तो कुऱ्हाडबंदीचा. जंगलाचा एखादा भाग पूर्ण बंद केला जातो. पुरुषांच्या दृष्टीने निर्णय चांगला असतो, कारण त्यांना लागणारं लाकूड कधीतरी लागतं, नांगर, बैलगाडी किंवा घराच्या दुरुस्तीला. सरपण रोज लागतं आणि ते बायाच आणतात. जवळचं जंगल बंद झालं की त्या लांबच्या जंगलात किंवा शेजारच्या गावाच्या हद्दीत जातात. तिथे पकडल्या गेल्या की बोलणी खातात, दंडही भरतात. ज्या सभेत त्या नव्हत्या, तिथल्या निर्णयाचा भार त्यांच्या डोक्यावर येतो.

अर्थशास्त्रज्ञ बीना अग्रवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या सामूहिक वनांच्या कारभाराचा सविस्तर अभ्यास केला. कार्यकारी समितीत महिलांचं प्रमाण साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांशाच्या पुढे गेलं की त्या सभेला येतात, बोलतात आणि पद घेण्याची शक्यता वाढते, असं त्यांना आढळलं. नेपाळात ज्या गटांची समिती पूर्ण महिलांची होती, त्यांच्या वाट्याला लहान आणि जास्त उजाड जंगल आलं होतं, तरीही त्या जंगलांची स्थिती जास्त सुधारली. "बायांच्या हाती दिलं तर सगळं तोडून नेतील" असं जे बोललं जातं, त्याला हे उत्तर आहे.

म्हणून बंदीचा ठराव येण्याआधी सरपणाचा हिशेब करा. गावात किती घरं, कोणाकडे गॅस आहे आणि कोण खरोखर त्यावर रांधतं, आठवड्याला किती मोळ्या लागतात. मग जंगलाचे भाग पाडून पाळीपाळीने बंद ठेवा. एक भाग बंद तर दुसऱ्यात वाळलेलं आणि पडलेलं लाकूड उचलायला मोकळीक, कोणत्या वारी ते ठरवून. भूमिहीन, विधवा आणि एकट्या राहणाऱ्या बायांसाठी सूट लागली तर ती ठरावात स्पष्ट लिहा. अशी सूट तोंडी दिली की ती ओळखीपाळखीची होते.

समिती कशी निवडावी

नियम ४(१)(ई) मध्ये समितीत किती महिला हव्यात, हा आकडा दिलेला नाही. तो ग्रामसभेने ठरवायचा. निम्म्या जागा बायांना द्या. ११ जणांची समिती असेल तर सहा बाया घ्यायला काहीच आडकाठी नाही.

नावं कशी निवडता याला फार महत्त्व आहे. पुरुषांनी सुचवलेल्या यादीत त्यांच्याच घरच्या बाया येतात. त्यापेक्षा टोलीनिहाय महिला सभेनेच नावं सुचवावीत. गोंड, माना, हलबा, ढीवर, इतर पारंपरिक वननिवासी, जे जे समाज गावात आहेत, त्यांतली मोळी विकून घर चालवणारी बाई समितीत हवी. बचत गटाची अध्यक्ष हुशार असते, पण तिच्याकडे आधीच चार पदं असतात. पाचवं तिला देऊ नका.

अध्यक्ष किंवा सचिव, यांपैकी एक पद महिलेकडे असावं आणि खात्यावर सही करणाऱ्यांत एक महिला असल्याशिवाय पैसे निघू नयेत, असा ठराव करा. लिहिता-वाचता येत नाही म्हणून बाईला पद नाकारू नये. लिहायला गावातल्या बारावी झालेल्या मुलीला मानधनावर ठेवता येतं. सचिव बाईच्या वतीने नवरा सभेत बसू लागला तर पहिल्याच दिवशी सर्वांसमोर थांबवा, पण गोडीने: "भाऊ, तुम्ही बसा, पण बोलतील वहिनी." पहिल्या तीन सभांत हे पाळलं नाही तर पुढे पाळता येत नाही.

निर्णय शक्यतो सर्वसहमतीने घ्या. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची ही जुनी रीत आहे. हात वर करून मतं मोजली की दहा बाया हरतात. सहमतीच्या रीतीत एकीनेही नाही म्हटलं तर तिचं कारण ऐकावंच लागतं. वेळ जास्त जातो, हे खरं आहे. तो द्यावा.

शिवारफेरी आणि आराखडा

नियमांप्रमाणे समितीने संवर्धन आणि व्यवस्थापनाचा आराखडा करायचा असतो आणि ग्रामसभेने त्यावर देखरेख ठेवायची असते. तो वनविभागाच्या कार्य आयोजनेशी (जंगलातल्या कामांच्या त्यांच्या आराखड्याशी) जोडतानाचे बदलसुद्धा समितीला आवश्यक वाटतील तेच करायचे. म्हणजे आराखडा बाहेरच्या माणसाने नागपुरात बसून टाईप करून द्यायचा नाही.

दोन फेऱ्या करा, एक उन्हाळ्यात आणि एक पावसाळ्याच्या शेवटी. बायांचा गट वेगळा ठेवा, कारण त्यांच्या वाटा वेगळ्या असतात. पुरुष साग, बांबू आणि हद्दीच्या मुनाऱ्या दाखवतात. बाया मोहाची झाडं, आवळा, बेहडा, चार, पत्रावळीची पळसपानं, झाडूचं गवत आणि पाण्याच्या जागा दाखवतात. परतल्यावर शाळेच्या पटांगणात रांगोळीने नकाशा काढा आणि मग तो कागदावर उतरवा.

वणव्यावर आराखड्यात खास प्रकरण हवं. मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि तीच आग जंगलात शिरते. फुलं वेचणाऱ्या बायांशिवाय यावर तोडगा निघत नाही. झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरल्या तर पाला जाळावा लागत नाही, शिवाय फुलं स्वच्छ राहतात आणि वाळवल्यावर भावही चांगला मिळतो. जाळ्यांचा खर्च समितीने आपल्या उत्पन्नातून करावा. कोणतं झाड कोणाचं, हे गावात परंपरेने ठरलेलं असतं. ती यादी बायांकडून लिहून घ्या, म्हणजे जाळ्या वाटताना भांडण होत नाही.

तेंदूपत्त्याबाबत गावाने विचारपूर्वक ठरवावं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने छाटणी आणि आगीमुळे होणारं नुकसान पाहून पानं तोडणंच बंद केलं. तिथे तेंदूची फळं आता खायला आणि विकायला मिळतात, आणि बांबूचं उत्पन्न आहे. बांबू नसलेल्या गावाला हे परवडेलच असं नाही. तेंदूची मजुरी हा पुष्कळ घरांत बाईच्या हाती येणारा वर्षातला मोठा रोख पैसा असतो. म्हणून हा निर्णय महिला सभेतून यावा, दुसरीकडून नाही.

वाघाचा विषय टाळू नका. मोह आणि तेंदूच्या हंगामात पहाटे वाकून काम करणाऱ्या बायांवर हल्ले होतात. गटाने जाणं, उजाडल्यावरच जाणं, वाघाची हालचाल दिसलेला भाग त्या आठवड्यापुरता सोडणं आणि वनरक्षकाकडून रोजचा निरोप मिळण्याची सोय, हे आराखड्यात लिहा. उशिरा गेल्याने फुलं गुरांनी खाल्ली तर नुकसान बाईचं होतं, म्हणून तेवढ्या दिवसांत गुरं तिकडे न सोडण्याचा नियमही सोबत करा.

पैसा कोणाच्या नावावर

तेंदू संकलनाचं कार्ड घरातल्या कर्त्याच्या नावाने निघतं, पानं तोडते बाई आणि मजुरी जमा होते त्याच्या खात्यात. ग्रामसभा स्वतः विक्री करत असेल तर कार्ड कोणाच्या नावाने काढायचं हे तिच्याच हातात आहे. जी पानं तोडेल तिचं नाव, तिचं खातं. नवरा-बायको दोघं जात असतील तर दोन कार्डं. याला विरोध होणार, हे धरूनच चला. महिला सभेने एकमुखाने मागणी केली की तो ओसरतो.

बांबू किंवा इतर वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार २०१२ च्या सुधारित नियमांनी ग्रामसभेच्या समितीला किंवा ग्रामसभेने नेमलेल्या व्यक्तीला दिला. परवाना पुस्तक लिहायला दोन मुलींना शिकवून ठेवा. गाडी किती माल घेऊन गेली हे ज्याच्या हाताने लिहिलं जातं, त्याच्याकडे खरा हिशेब असतो.

समितीच्या उत्पन्नाचा खर्च ग्रामसभेच्या मंजुरीनेच होतो. त्यातला ठरावीक हिस्सा, समजा चौथा भाग, महिला सभेने सुचवलेल्या कामांना, असा ठराव घ्या. पाणवठा, मोह वाळवायचा ओटा, साठवणुकीची खोली, चुली. रोपवन, बांध-बंधाऱ्यांची कामं रोजगार हमीतून घेता येतात. प्रक्रिया आणि विक्रीसाठी उमेद या सरकारी अभियानाचे बचत गट किंवा शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाकडून राबवली जाणारी वन धन केंद्रं यांच्याशी जोडून घ्या. ऑगस्टच्या सुमारास रानभाज्यांना नागपूरच्या बाजारात चांगली मागणी असते. दोन-तीन गावांनी मिळून एक गाडी केली तर दलालाला द्यावा लागणारा पैसा वाचतो.

वर्षाचा हिशेब

मार्च संपला की महिला सभेत हिशेब मोठ्याने वाचा, ग्रामसभेच्या आठवडाभर आधी. किती आलं, कुठे गेलं, खात्यात किती उरलं. आकडे शाळेच्या भिंतीवर खडूने लिहा. वाचता न येणाऱ्या बायांसाठी चित्रं काढा, मोहाचं फूल, बांबूचा बंडल, बाजूला रक्कम. प्रश्न निघाले तर उत्तर त्याच सभेत द्या. ते देता आलं नाही तर तो प्रश्न इतिवृत्तात लिहा आणि पुढच्या ग्रामसभेचा पहिला विषय म्हणून घ्या.

दर दोन-तीन वर्षांनी समितीतल्या निम्म्या सदस्यांनी बाजूला होऊन नव्यांना जागा द्यावी. बाहेर पडणाऱ्या बायांनी पुढचे सहा महिने नव्या बायांसोबत बँकेत आणि उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जावं. खातं, पुस्तकं, शिक्का आणि परवाना पुस्तक कोणी कोणाला दिलं, याची यादी करून दोघींच्या सह्या घ्या.